बरा झालेला पाहुणा

ऑगी स्करूपा बरा झाला. काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, तसं ठरवलं, हाउसमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, केक आला, केकवर त्याचं नाव आलं, आणि नावातलं पहिलं अक्षर मॅलरीने स्वतः कापून त्याच्या ताटलीत वाढलं. पण असं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण त्या सकाळी ऑगीनेही तेच धरलं होतं. केक त्याला दारातूनच दिसला. कोणाचा तरी वाढदिवस असेल, त्याने मनाशी म्हटलं. नाव आपलंच दिसतंय खरं, पण अख्ख्या ईरी शहरात ऑगी काय एकच आहे? मग कोट खुंटीला अडकवून, बुटांवरचं बर्फ झटकून तो सरळ स्वयंपाकघरात शिरला. गुरुवार होता, आणि गुरुवारी आंबवलेल्या काकडीचं सूप तोच करायचा. त्याची आई करायची तसं. म्हणजे तसं नाहीच. आईचं चांगलं व्हायचं. बटाटे सोलायला ओडेल प्रूइट आधीच बसला होता. सत्तरीचा, काळा, लांबलचक बोटांचा, वरची कवळी खिशात ठेवून काम करणारा. एरवी ओडेल त्याला बघितल्याबरोबर काहीतरी टोमणा मारायचा. आज तो बटाट्याकडे असा बघत होता, जणू बटाट्यानेच त्याला काही विचारलं होतं. ओडेल गप्प असणं म्हणजे तळ्यावरचा वारा अचानक पडण्यासारखं. मागून काहीतरी येतच असतं.

आणि गप्प कोणी बसलेलं ऑगीला चालत नसे, त्याला कारण होतं. त्याच्या डोक्यात एक माणूस होता. हा माणूस त्याला कोणाचा खून कर म्हणत नसे, खिडकीतून उडी मार म्हणत नसे, देवाचा निरोप आणत नसे. सुरुवातीच्या डॉक्टरांचा तर यामुळे थोडा विरसच झाला होता. हा माणूस फक्त समालोचन करायचा, तेही टीव्हीवर रविवारी दुपारी गोल्फचं करतात तसं, दबक्या आवाजात, अत्यंत सभ्यपणे. आता स्करूपा मोजे निवडतोय. डावा. अं. धाडसी निर्णय. ऑगीने जन्मात गोल्फची काठी धरली नव्हती. त्याच्या बापाने शहराच्या पूर्वेच्या कारखान्यात रेल्वेची इंजिनं जोडण्यात हयात घालवली, आणि त्या घरात गोल्फ हा शब्द शिवी म्हणून वापरला जायचा. तरी माणूस आला तो गोल्फचाच. ऐकणाऱ्याला हसू येतं. ऑगीलाही पहिले दोन दिवस आलं होतं. पण प्रत्येक घासाआधी कोणीतरी श्वास रोखून धरतंय, हे तिसऱ्या दिवशी कळायला लागतं, आणि चौथ्या दिवशी चमचा उचलवत नाही. बहिणीच्या, बर्नाडेटच्या, घरी तो एकदा सकाळपासून अंधार पडेपर्यंत नळावर हात ठेवून उभा होता, कारण माणूस कुजबुजला होता, आता बघू या, आणि मग थांबलाच होता. आणि तो थांबलेला असताना नळ फिरवणं म्हणजे लाखो लोकांसमोर चुकीचं काहीतरी करणं होतं. बर्नाडेटने आधी ओरडून बघितलं, मग रडून, मग फोन करून. माणसं आली, त्यांनी त्याला नळापासून सोडवला, आणि माणूस हळूच म्हणाला, दुर्दैवी.

दक्षिणेकडच्या सरकारी इस्पितळात हे सगळं लिहून घेतलं गेलं, पण त्यांच्या भाषेत. ऑगी म्हणाला, नळ फिरवायची मला भीती वाटते, तर कागदावर उतरलं, रुग्ण पाण्याविषयी विचित्र कल्पना बाळगतो. ऑगी म्हणाला, मला घरी जायचंय, तर उतरलं, आपल्या आजाराची जाण नाही. पुढे अठराव्या रस्त्यावरच्या, इस्पितळातून सुटलेल्यांनी दिवसा येऊन काम करायच्या या हाउसमध्ये आला तेव्हा इथे कोणी रुग्ण नव्हतं, सगळे सभासद होते, पगारी माणसंही हातात झाडू घेऊन सभासदांच्या रांगेत उभी राहायची, आणि कोणतीही गोष्ट सकाळच्या बैठकीत सगळ्यांनी मान डोलावल्याशिवाय पक्की होत नसे. एकाने जरी मान डोलावली नाही तरी ती बारगळली. दाराशी पाहुण्यांच्या अभिप्रायाची लाकडी पेटी होती, तिची किल्ली कधीच हरवली होती, आणि ती फोडावी की नाही यावर आजतागायत सगळ्या माना एका वेळी हलल्या नव्हत्या, म्हणून लोक अभिप्राय टाकत राहायचे आणि पेटी ते गिळत राहायची. पण एका ठरावाला सगळ्यांच्या माना एकदम हलल्या होत्या, आणि तो ठराव ऑगीचा होता. आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो उठून उभा राहिला आणि म्हणाला की इथे माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, अवतरणात लिहा, एक अक्षर बदलू नका, आणि सहा महिन्यांनी त्याला विचारल्याशिवाय पुसूही नका. टाळ्या वाजल्या. एक बाई रडली. डोक्यातला माणूससुद्धा क्षणभर चकित झाला असावा, कारण काही बोलला नाही. तो नियम चौकटीत बसवून भिंतीवर लावला गेला, आणि ऑगीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण या जगात काहीतरी पक्कं ठोकलंय, खिळ्यासारखं.

त्या खिळ्यावर आपणच लटकणार आहोत हे त्याला कसं कळावं. त्याच हिवाळ्यात एकदा भट्टी बंद पडली होती, हाउसमध्ये सगळे कोट घालून बसले होते, आणि मॅलरीच्या आधी तिच्या जागी जी पगारी बाई होती ती कागद घेऊन त्याच्यासमोर बसली. ध्येय विचारायची. प्रत्येक सभासदाला एक ध्येय लागायचं. ध्येयाशिवाय काउंटी पैसे देत नसे. ऑगीची त्या आठवड्यात संडास धुण्याची पाळी होती, पाणी बर्फासारखं होतं, बोटं सुन्न झाली होती. बाईने गोड आवाजात विचारलं, ऑगी, तुमचं स्वप्न काय? ऑगी म्हणाला, “इथं यावं लागू नये, एवढंच.” बाईचे डोळे चमकले. किती सुंदर, ती म्हणाली, आणि तिने ते अवतरणात लिहिलं, एक अक्षर न बदलता. नंतर दर सहा महिन्यांनी कोणीतरी विचारायचं, ध्येय तेच ठेवायचं ना? आणि ऑगी हो म्हणायचा. तेव्हा हमखास जेवणाची वेळ झालेली असायची, नवीन ध्येय सांगायचं तर विचार करावा लागला असता, आणि विचार करायला लागलं की माणूस कुजबुजायचा, आता स्करूपा ध्येयाकडे वळतोय. जुनंच बरं. मध्ये मध्ये एक प्रश्नावलीही यायची, गेल्या आठवड्यात डोक्यातल्या आवाजाचा किती त्रास झाला म्हणून, आणि ऑगी खरं तेच सांगायचा, की फारसा नाही. फारसा नव्हताच. हाउसच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याचं यंत्र गुरगुरायचं, झाकणं आपटायची, ओडेल आपल्या तिन्ही बायकांची निंदा आळीपाळीने करायचा, पलीकडे कोणीतरी फोनवर पलीकडच्याला थांबायला सांगून विसरून जायचं, आणि या गोंगाटात त्या सभ्य माणसाचा धागा तुटायचा. गोल्फला शांतता लागते. ऑगीने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्याच्या बरं होण्याचं सगळं शास्त्र एवढंच होतं: ढवळत राहायचं, आणि आजूबाजूला कोणीतरी काहीतरी पाडत राहिलं पाहिजे.

तर सूप उकळायला लागलं तेव्हा ओडेलने शेवटी तोंड उघडलं. आधी खिशातली कवळी काढून बसवली. म्हणजे मामला गंभीर होता. “गेल्या गुरुवारी मॅलरी बैठकीत उभी राहून काहीतरी वाचत होती, आठवतंय?” ऑगीला आठवलं. तो इथेच होता, बैठकीच्या खोलीत उघडणाऱ्या भिंतीतल्या खिडकीपाशी, पातेल्याला खाली लागायला आलं होतं, त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून मान डोलावली होती आणि परत आत घेतली होती. बैठकीत कुठल्याही गोष्टीवर मान डोलावायचीच, कारण एकाने नाही डोलावली तर सगळे त्याच्याकडे वळून, अत्यंत प्रेमाने, त्याच्या भावना काय आहेत ते विचारायचे, आणि त्यात अर्धा तास जायचा. “मला वाटलं नवीन पोछ्याचं आहे,” ओडेल म्हणाला. “पोछ्याला कोण नाही म्हणेल? मी डोलावली. तूही डोलावलीस. ते तुझं होतं, गड्या. तुला बरा केला.” मग बराच वेळ तो साल काढत राहिला, बटाटा संपून गेला तरी. “माझं जेवण हल्ली छान होतं,” तो म्हणाला. “उद्या येतील आणि म्हणतील, प्रूइटला चावता येतंय, कवळी परत घ्या.”

मॅलरी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. चांगली होती, आणि तीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. सूप उतरवल्यावर तिने त्याला आपल्या खोलीत बसवलं, दार उघडं ठेवलं, कारण दार बंद करायचं की नाही हे इथे सभासद ठरवायचा आणि ऑगीने ठरवलं नाही. तिने सांगितलं ते असं, की काउंटीने कागद तपासले, सलग किती काळ आवाजाचा त्रास कमी आहे ते बघितलं, ध्येय बघितलं, आणि ध्येय पुरं झाल्याचं कळवलं. उद्या शुक्रवार शेवटचा. उन्हाळ्यात पेनिन्सुलावर, तळ्याकाठच्या वाळूत, सहल असते तिला जुन्या सभासदांना बोलावतात, तिथे यायचंच हं. ऑगी म्हणाला की मला यायला लागू नये असं मी म्हणालो त्या आठवड्यात मी संडास धूत होतो. मॅलरीने मान डोलावली. तिला कळत होतं. ती म्हणाली, पण ते तुमचे शब्द आहेत ना, ऑगी, आणि इथे तुमच्या शब्दांपेक्षा मोठं काहीच नाही, हे तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. बोलता बोलता ती नाक ओढायला लागली. ऑगीला तिची दया आली, आणि त्याने टेबलावरची कागदी रुमालांची पेटी तिच्याकडे सरकवली. नंतर त्याच्या लक्षात आलं की हेही तिच्या नोंदीत गेलं असणार, दुसऱ्याच्या भावना ओळखतो.

त्याने विचारलं, ध्येय बदलता येईल का. मला आता इथं यायचंय, हेच ध्येय. लिही, अवतरणात लिही. मॅलरी म्हणाली की इथे येणं हे ध्येय काउंटी धरत नाही, ध्येय बाहेरचं असावं लागतं, नोकरी, शेजार, चर्च, बोलिंग. पण तुम्ही हे बैठकीत मांडा ना, ती म्हणाली, आणि लगेच डोळे पुसून उठली, जणू तिलाही थोडी आशा वाटली. म्हणून दुपारच्या बैठकीत, केकभोवती, ऑगी उभा राहिला. तो म्हणाला, मी बरा नाही. इथं असतो तेवढाच बरा असतो. घरी माझ्या फ्रिजचा आवाज आहे, तो चालू असेपर्यंत ठीक, तो बंद पडला की बाकी काहीच नसतं, आणि मग तो माणूस असतो. मला सोमवारी इथं येऊ द्या. एवढं बोलायला त्याला जेवढं बळ लागलं तेवढं त्याने अख्ख्या वर्षात कशाला लावलं नव्हतं. आणि मग कोणीतरी, बहुधा फोनपाशी बसणाऱ्या बाईने, टाळी वाजवली. ती म्हणाली की पहिल्या दिवशीचा ऑगी आठवा, कोपऱ्यात बसायचा, आणि आज बघा, किती स्पष्ट, किती धीटपणे आपली बाजू मांडतोय. खरंच, दुसरा म्हणाला, आजारी माणसाला हे जमेल का? टाळ्या वाढत गेल्या. ऑगीने हात वर केला, की थांबा, आणि तो आभार मानतोय असं वाटून त्या आणखी वाढल्या. ओडेल टाळ्या वाजवत नव्हता. तो भिंतीला टेकून उभा होता, मान ताठ, जणू मानेत लोखंडी सळई घातली आहे. पण ती मान गेल्या गुरुवारी हलून गेली होती, आणि हललेली मान मागे घ्यायला सगळ्यांच्या माना हलाव्या लागत. मॅलरीने केक कापला. ऑगीच्या ताटलीत पहिलं अक्षर आलं. निळ्या साखरेचं होतं. खाल्लं त्याने. आता स्करूपा केकपाशी, माणूस म्हणाला, टाळ्यांच्या वरून, अगदी स्वच्छ, आणि ऑगीला घाम फुटला, कारण हाउसच्या आत तो इतका स्वच्छ कधीच आला नव्हता.

शनिवारी बर्नाडेट पेपरोनी बॉल, आत सॉसेज भरलेले तळलेले पावाचे गोळे, घेऊन आली, कागदाची पिशवी तेलाने पारदर्शक झालेली. तिने अभिनंदन केलं. ती मनापासून हसत होती, आणि तिच्या हसण्यात इतक्या वर्षांची थकलेली सुटका होती की ऑगीला खरं सांगवेना. त्याने एवढंच विचारलं, समजा मी परत बिघडलो, तर? तर परत हाउसच्या प्रतीक्षायादीत नाव घालू, ती म्हणाली, आणि मग पिशवीची घडी घालत बसली, कारण यादी किती लांब आहे हे दोघांनाही माहीत होतं. मागच्या वेळी त्या यादीत उभं राहण्यातच त्याची तिशी संपली होती. ती गेल्यावर ऑगी हिशेब मांडत बसला. आत यायचं तर पुरेसं बिघडलं पाहिजे. पुरेसं बिघडायचं तर घरी बसलं पाहिजे. घरी बसून पुरेसा बिघडला की उठून अर्ज करणार कोण? त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला आपणहून हाक मारली. म्हणाला, बाबा रे, आता काय ते मोठ्याने बोल, ओरड, शिव्या दे, मला रस्त्यावर पळव, कागदावर नीट दिसेल असं काहीतरी कर. फ्रिज बंद पडला. माणूस थोडा वेळ थांबला, आणि दबक्या आवाजात, प्रेक्षकांची माफी मागितल्यासारखा म्हणाला, इथे आपण शांतता राखू या. पेपरोनी बॉल तसेच राहिले.

सोमवारी ऑगी उठला, दाढी केली, बस धरली, अठराव्या रस्त्यावर उतरला आणि हाउसमध्ये शिरला. काही झालंच नाही असं धरायचं ठरवलं की अंगात एक प्रकारचा हलकेपणा येतो. तो त्याला बसमध्ये होता, पायऱ्यांवर होता, दारापर्यंत होता. दाराशी फोनवाली बाई बसली होती. तिने हजेरीची वही त्याच्याकडे सरकवली, मग आठवण झाल्यासारखी परत ओढली, आणि लाजून एक पिवळा बिल्ला काढला. पाहुणा. पाहुण्यांना आम्ही हाउस दाखवतो, ती म्हणाली, एकदा. दाखवायची पाळी कोणाची आहे बघते. पाळी ओडेलची होती. तो आला, ऑगीला बघितलं, बिल्ल्याला बघितलं, आणि खिशातून कवळी काढून बसवली.

मग त्याने ऑगीला हाउस दाखवलं. सगळं, रिवाजाप्रमाणे. इथे आमची बैठक होते. ही भट्टी, हिचा स्वभाव चांगला नाही. हा नियम आमच्या एका सभासदाने करून घेतला, माणसाचे शब्द माणसाचेच, आम्हाला त्याचा फार अभिमान आहे. ऑगी मागोमाग चालत होता, हात पाठीशी बांधून, म्युझियममध्ये चालतात तसा. काही जण हसून पाहुण्याला नमस्कार केल्यासारखं करत होते आणि मग चेहरा वळवत होते. आता स्करूपा दालनातून पुढे, माणूस म्हणाला. स्वयंपाकघरात भांडी धुण्याचं यंत्र चालू होतं, आणि त्याच्या आवाजात पाऊल ठेवताच ऑगीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, इतकं अचानक, की त्याला दाराची चौकट धरावी लागली. त्या गुरगुरण्याखाली काही ऐकू येत नव्हतं. कोणीच काही म्हणत नव्हतं. ओडेलही थांबला. त्याने मोठ्या पातेल्यावर हात ठेवला. “हे पातेलं,” तो म्हणाला. “गुरुवारचं. यात इथला एक जण काकडीचं सूप करायचा. फार काही चांगलं नव्हतं.” “आंबट जास्त व्हायचं?” पाहुण्याने विचारलं. “मीठ,” ओडेल म्हणाला. “हलकटाला मीठ कळायचं नाही.” मग त्याने एक झाकण उचललं आणि ते जमिनीवर टाकलं. मुद्दाम, डोळ्याला डोळा देऊन. ते फरशीवर गरगर फिरत राहिलं, आणि फिरेपर्यंत दोघे उभे राहिले. थांबल्यावर त्याने दुसरं टाकलं. मग तिसरं. मॅलरी दारात येऊन काय झालं विचारू लागली तेव्हा झाकणं संपली होती, आणि यंत्रानेही आपली फेरी पुरी करून एक लांब उसासा टाकला.

दाखवून झालं. पाहुण्यांना निघताना अभिप्रायाचं कार्ड देतात, तसं ऑगीलाही दिलं. आम्ही आपल्यासाठी आणखी काय करू शकतो, असं वर छापलं होतं. दाराशी उभा राहून त्याने ते भरलं. बोटं स्थिर होती. माणूस कानाशी एकेक शब्द आधीच सांगत होता, दबक्या आवाजात, आणि ऑगी फक्त त्याच्या मागोमाग उतरवत गेला. घडी घालून त्याने ते पेटीच्या फटीतून आत सोडलं. आत जुन्या कार्डांवर पडल्याचा बारीक आवाज आला. लिहिलं होतं ते असं:

महोदय, खाली सही करणाऱ्याचे बरे होणे पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावे. तसे करणे नियमांत बसत नसल्यास, त्यास दर गुरुवारी सकाळी, सूप ढवळून होईपर्यंत, आजारी राहण्याची परवानगी मिळावी, आणि तेवढ्या वेळात जवळपास कोणीतरी काहीतरी पाडत राहील अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून व्हावी. मीठ कमी घालण्यात येईल. भांडी घासून ठेवली जातील. तसदीबद्दल क्षमस्व.